सर्वनामाची जागा

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील कोणत्याहि सुशिक्षित घरांत संध्याकाळीं घटकाभर बसलें, तर मराठी बोलण्यांत इंग्रजी क्रियापदें किती सहज मिसळून गेलीं आहेत, हें ध्यानांत येतें. ‘बाबांना स्टेशनवर पिक-अप कर’, ‘पंखा स्विच ऑफ कर’, ‘हा फॉर्म फिल-अप करून ठेव’ हीं वाक्यें आजीबाईहि बोलतात आणि त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. अडचण येते ती पुढील पायरीवर. घरांतील मूल इंग्रजीत बोलूं लागलें कीं ‘स्विच ऑफ इट’ असें म्हणून जातें, आणि मग एखादे काका किंवा थोरला भाऊ सर्वांदेखत हंसतात. ‘स्विच इट ऑफ म्हणावें’ एवढें ते सांगतात. पण तसें कां, असें विचारल्यास ‘इंग्रज तसें बोलतात म्हणून’ यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. अशा हंसण्यानें मूल सुधारत नाहीं; तें बोलणेंच टाळूं लागतें. म्हणून या ‘कां’चा थोडा विचार घरांतील वडील मंडळींनींच केलेला बरा.

साध्या क्रियापदास अप, ऑफ, आउट, ओव्हर असें एखादें अव्यय जोडून इंग्रजी भाषा निराळा अर्थ निर्माण करते. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें. अशा जोडीस ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव कोशकार हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालीं ‘वर्ड्‌स अँड ईडियम्स’ या ग्रंथांत तें वापरून प्रचारांत आणिलें. ज्या घरीं संस्कृताचा परिचय आहे, तेथें ही युक्ति नवी वाटूं नये. ‘हृ’ हा धातु एकच. परंतु आहार, विहार, प्रहार आणि संहार यांचे अर्थ उपसर्गानें किती दूर दूर नेले आहेत! पुढें अभिजात संस्कृतांत हा उपसर्ग धातूस कायमचा चिकटून बसला. वेदांच्या भाषेंत मात्र तो मोकळा राहूं शकत असे, त्याच्या व धातूच्या मध्यें इतर शब्दहि येत. आणि पाणिनीनें ही सवलत वेदांपुरती म्हणून नोंदविली आहे. इंग्रजीचें हें अव्यय अद्याप तसेंच मोकळें आहे.

या मोकळेपणामुळें कर्म नाम असेल, तर ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ हीं दोन्हीं वाक्यें चालतात. नामाच्या जागीं सर्वनाम आलें कीं ही मुभा संपते. मी, हिम, हर, इट, देम यांना क्रियापद व अव्यय यांच्या मध्येंच बसावें लागतें: ‘पिक इट अप’, ‘कॉल मी बॅक’, ‘वेक देम अप’.

याचें कारण असें कीं, जें नवें आणि वजनदार, तें वाक्याच्या शेवटीं ठेवण्याकडे इंग्रजीचा कल आहे. ‘इट’ हा शब्द ऐकणाऱ्यास नवें कांहींच सांगत नाहीं. कशाविषयीं बोलणें चाललें आहे, हें त्यास आधींच ठाऊक असतें. खरी गोष्ट ‘ऑफ’मध्यें आहे, म्हणून शेवटची जागा व आवाजाचा जोर ‘ऑफ’ला मिळतो, आणि हलकें सर्वनाम मध्यें सामावून जातें. मराठीलाहि असा विवेक आहे. ‘पुस्तक मीं भावाला दिलें’ आणि ‘भावाला मीं पुस्तक दिलें’ यांत क्रियापदाच्या लगत आलेला शब्द अधिक महत्त्वाचा ठरतो; परिचित तें आधीं येऊन जातें.

मग मूल चुकतें कोठें? आपण मराठींत ‘स्विच ऑफ’ या जोडीचा एकच शब्द करून टाकला आहे. क्रियेचें काम ‘कर’ करतें आणि सर्वनाम त्या सर्वांच्या आधीं येतें: ‘तो स्विच ऑफ कर’. ही जोडी फुटलेली मुलानें कधीं ऐकलेलीच नसते. तीच अखंड जोडी तें इंग्रजींत नेतें आणि सर्वनाम बाहेर राहतें. हें अज्ञान नव्हे. मातृभाषेची शिस्त दुसऱ्या घरीं पाळण्याचा हा प्रयत्न आहे.

नियमाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर मूल ‘लुक हिम ॲट’ म्हणावयाचें. जेथें मागचा शब्द मोकळें अव्यय नसून कर्माशीं बांधलेला असतो, तेथें सर्वनाम शेवटीं येतें: ‘लुक ॲट हिम’, ‘वेट फॉर मी’, ‘लुक आफ्टर देम’. ‘पुट अप विथ हिम’ अशा तीन पदांच्या रचनेंतहि तें शेवटींच राहतें. केवळ जागा बदलल्यानें अर्थ किती पालटतो, हें ‘सी’ आणि ‘थ्रू’ यांच्या जोडींत दिसतें. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचें ढोंग ओळखणें. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे त्यास संकटांतून पार नेणें. आजारी आप्ताविषयीं परदेशीं पत्र लिहितांना या दोहोंची अदलाबदल झाली, तर केवढा अनर्थ होईल!

इंग्रजी घरीं शिकण्याची परंपरा या भागांत जुनी आहे. ज्यांचें माहेर कल्याणचें, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांस इंग्रजीचे धडे पति गोपाळराव यांनीं दिले. १८८३ सालीं त्यांनीं श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत आपल्या परदेशगमनाचीं कारणें इंग्रजींतून मांडलीं आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली.

तेव्हां घरच्या शिकवणीस हलकें समजूं नये. उपाय साधा आहे. ‘पिक अप’, ‘पुट ऑफ’, ‘लुक आफ्टर’ अशा नुसत्या जोड्या पाठ न करितां ‘पिक इट अप’, ‘पुट इट ऑफ’, ‘लुक आफ्टर इट’ असें सर्वनामासह पाठ करावें. आपण विभक्तीचीं रूपें म्हणत आलों, तसेंच मोठ्यानें. चार दिवसांत कान तयार होतो, आणि कानास जें खटकतें, तें जीभ आपोआप टाळते. मुलाबरोबर आईनें व आजीनेंहि म्हटलें, तर हंसावयास घरांत कोणी उरणार नाहीं.