सास्तूरचा हरभरा आणि मनिलाचा धडा

मनिला महानगरातल्या क्यूबाओ भागात १९७५ साली टोनी टॅन काकट्योंग या चिनी वंशाच्या तरुणाने आइस्क्रीमचे दुकान टाकले. गिऱ्हाइकांचा ओढा आइस्क्रीमपेक्षा सोबत मिळणाऱ्या गरम सँडविचकडे आहे, हे लक्षात आल्यावर त्याने धंद्याचा रोख बदलला आणि १९७८ मध्ये ‘जॉलिबी’ ही कंपनी उभी राहिली. तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, मॅकडोनाल्ड्स फिलिपाइन्समध्ये दाखल झाली. त्या वेळी जॉलिबीची दुकाने जेमतेम डझनभर होती. भांडवल, जाहिरात, यंत्रे, अनुभव या सगळ्यांत पारडे अमेरिकी कंपनीचे जड होते. तरीही फिलिपाइन्सच्या बाजारात पहिला क्रमांक जॉलिबीने राखला. १९९३ मध्ये तिचे समभाग बाजारात आले, १९९८ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत दुकान उघडले, आणि आज जगभरात तिची पंधराशेहून अधिक दुकाने आहेत. या यशाचे नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे चव. तळलेल्या कोंबडीसोबत भात, गोडसर स्पॅगेटी, गोडीकडे झुकणारा बर्गर, असे घरच्या जिभेला रुचणारे पदार्थ तिने विकले. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. चव प्रत्येक गल्लीत असते. ती हजार दुकानांत रोज तशीच मिळावी, तर तिच्यामागे सामायिक स्वयंपाकघरे, माणसांचे प्रशिक्षण, मालाचा खात्रीचा पुरवठा आणि सरतेशेवटी शेत उभे करावे लागते.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरसारख्या गावातून या गोष्टीकडे पाहिले की तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीबरोबर सास्तूरही जमीनदोस्त झाले होते. गाव पुन्हा उभे राहिले, पण शेतीचे गणित तेच राहिले. या पट्ट्यात खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी आणि हरभरा. यातला बहुतेक माल पोत्यात भरून लातूरसारख्या बाजारपेठेत जातो आणि आडतीवर त्या दिवशी निघेल त्या भावाने विकला जातो. हरभऱ्याची डाळ, डाळीचे बेसन आणि बेसनाचा पदार्थ होताना वाढणारी किंमत गावाबाहेरच राहते. म्हणून देशी खाद्यसाखळ्यांच्या वाढीचे मोल दुकानांच्या संख्येवर ठरवू नये. अशा शिवारापर्यंत त्या साखळीचे दुसरे टोक पोहोचते का, हीच त्या मोलाची खरी कसोटी आहे.

महाराष्ट्रात जॉलिबीच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण वडापावचे आहे. या पदार्थाचे श्रेय १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. पुढची तीन दशके तो गिरणी कामगारांचा, विद्यार्थ्यांचा, लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्यांचा आधार होता. त्याची साखळी करण्याचा नेटाचा प्रयत्न मात्र २००१ मध्ये झाला. त्या वर्षी धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनजवळ दुकान उघडले, आणि त्यातून ‘जम्बोकिंग’ वाढली. २००४ मध्ये वेंकटेश अय्यर आणि त्यांच्या भागीदारांनी कल्याणहून ‘गोली वडापाव’ सुरू केली. ही साखळी पुढे नाशिकसारख्या शहरांतून परराज्यांत गेली. रस्त्यावरच्या या पदार्थाला फलक, गणवेश आणि ठरलेली चव देता येते, हे दोन्ही साखळ्यांनी सिद्ध केले. हे काम मोठे आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

पण गोलीची वाढ कशाच्या आधारावर झाली, ते नीट पाहायला हवे. हाताने केलेल्या वड्यात मीठ-तिखट रोज बदलत होते आणि माल वायाही जात होता. त्यावर उपाय म्हणून वडे कारखान्यात तयार करून गोठवून दुकानांना पाठवायचे ठरले. ते काम गेले नवी मुंबईतल्या तळोज्याच्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सकडे. ही कंपनी अमेरिकेच्या ओएसआय समूहातली, आणि मॅकडोनाल्ड्सची पुरवठादार. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिले दुकान उघडण्याआधी काही वर्षे शीतवाहतूक, प्रक्रिया कारखाने आणि शेतकरी यांची जुळणी केली होती. तळेगावच्या परिसरात तिच्या बर्गरसाठी आइसबर्ग लेट्यूस पिकू लागला, आणि पुढे गुजरातेत मॅककेन कंपनीने करारावर बटाटा घेतला. म्हणजे आपल्या वड्याला यंत्राची शिस्त मिळाली ती परक्या बर्गरसाठी बांधलेल्या वाटेवर. यात कमीपणा काही नाही, शहाणा धंदा असलेली वाट वापरतोच. मात्र ज्याने ती वाट आखली त्याच्या गरजेचा बटाटा आणि लेट्यूस तिच्यावर आला. हरभरा आणि ज्वारी तिच्या नकाशात नव्हती.

ज्वारी-हरभऱ्याचा पदार्थ घेऊन मोठा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे राज्यभर काढली. झुणक्याचे बेसन आणि भाकरीची ज्वारी म्हणजे अक्षरशः मराठवाड्याची रब्बी ताटात वाढणे होते. पण योजनेचा सारा डोलारा अनुदानावर आणि मोक्याच्या जागांवर होता. एक रुपया ही किंमत खर्चाशी जुळत नव्हती, चवीला ठरलेले माप नव्हते, आणि धान्य पिकवणाऱ्याशी कसलाही बांधलेला व्यवहार नव्हता. काही वर्षांत अनुदान थांबले, योजना बंद पडली, आणि अनेक केंद्रांच्या जागी दुसरेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. झुणका-भाकर लोकांना नको होती, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. सरकारी सवलत दुकान उघडू शकते, पण शेतापासून ताटापर्यंतची व्यवस्था उभी केल्याशिवाय ते चालत नाही, हा त्यातला धडा आहे.

ही व्यवस्था कशी उभी राहते, याचे उत्तर पुन्हा जॉलिबीकडे सापडते. तिच्या स्वयंपाकघरांना पांढरा कांदा मोठ्या प्रमाणात लागतो. २००८ मध्ये जॉलिबी समूहाच्या फाउंडेशनने कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही स्वयंसेवी संस्था आणि एका सरकारी वित्तसंस्थेला सोबत घेऊन शेतकरी-उद्योजक कार्यक्रम सुरू केला. न्युएवा एसिहा प्रांतातल्या अल्पभूधारकांचे गट बांधले गेले. कांदा केव्हा लावायचा, किती लावायचा, कोणत्या आकाराचा वेगळा काढायचा, हे गटात ठरू लागले आणि माल एकत्र विकला जाऊ लागला. एकेकटा शेतकरी ज्या गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोहोचू शकला नसता, त्याला गटाने माल दिला. कंपनीने उपकार केले नाहीत, तिला खात्रीचा कांदा मिळाला. दोघांच्या गरजा जुळल्या म्हणून हा व्यवहार टिकला.

यावर पहिला आक्षेप असा की साखळ्या वाढल्या की गाडीवाल्यांचे पोट मारले जाते. ही काळजी रास्त आहे, कारण स्टेशनबाहेरची मोक्याची जागा ज्याच्याकडे पैसा त्याला मिळते. पण मुंबईत या साखळ्यांना वीस वर्षे उलटून गेली, तरी वड्याच्या गाड्या आजही भरभरून चालतात. गाडीवाल्याला खरा धोका आहे तो अनिश्चित जागेचा, आणि त्यावरचा उपाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची अंमलबजावणी हा आहे. दुसरा आक्षेप आरोग्याचा. तळलेल्या पदार्थाची दुकाने वाढणे ही काही आनंदाची बाब नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. पण म्हणूनच साखळीच्या पदार्थांत ज्वारीची भाकरी, थालीपीठ, झुणका यांना जागा हवी. ठरलेली चव ही केवळ तळणीतूनच मिळते, असा नियम नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बाजारभाव चढला की शेतकरी करार मोडतो, भाव पडला की कंपनी प्रतवारीचे कारण काढून माल नाकारते. हे घडते. पण ते मुख्यतः घडते एकेकट्या शेतकऱ्याशी केलेल्या करारात. गटाचा करार मोडणे दोन्ही बाजूंना महाग पडते, आणि डाळ किंवा बेसन करून विकणाऱ्या गटाला कच्च्या मालाच्या रोजच्या चढउताराची झळही कमी बसते.

असे गट धाराशिवला नवे नाहीत. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात लातूर आणि धाराशिवच्या गावांतून प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना संघटित केले. त्यातून बचत गट वाढले, एक एकरावर घरच्या गरजेची मिश्र पिके घेणाऱ्या शेतकरी महिला पुढे आल्या, आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक या कामाला मिळाले. शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात दोन दशकांपासून आहे. राज्यात जागतिक बँकेच्या मदतीने ‘स्मार्ट’ प्रकल्प अशा कंपन्यांना खरेदीदारांशी जोडण्यासाठीच आखला गेला. संघटना आहे, कायदा आहे, पीक आहे. उणीव आहे ती बांधील गिऱ्हाइकाची.

ते गिऱ्हाईक होण्याची जबाबदारी आता देशी साखळ्यांची आहे. एखादी साखळी लोहाऱ्यातल्या उत्पादक कंपनीकडून पहिल्या वर्षी आपल्या गरजेच्या लहानशा भागाचेच बेसन ठरल्या मापाने, ठरल्या भावाने घेईल, तरी त्यातून दोन्ही बाजूंना प्रतवारी, साठवण आणि वेळेची शिस्त शिकता येईल. मनिलातही कांद्याची सुरुवात लहानच होती. आपल्या चवीची साखळी परक्या कंपनीपुढे उभी राहिली याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो अभिमान मराठवाड्याच्या उपयोगी पडेल, तो तिच्या खरेदीच्या वहीत सास्तूरच्या हरभऱ्याची नोंद पडू लागल्यावर.