नित्योपयोगी वस्तू आणि वैयक्तिक स्मृती : केळकर संग्रहालयाच्या संदर्भात

अडकित्ता हे सुपारी कातरण्याचे साधन होय. परंतु तो आजीच्या पानाच्या डब्यातील असेल, तर घरच्यांसाठी तिची आठवण ठरतो. ही स्मृती धातूत नसते, ती सांगणाऱ्यापाशी असते. या दृष्टीने पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय अभ्यसनीय आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तू जमविल्या, अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहास दिले आणि १९६२ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

येथे एक विलक्षण स्थित्यंतर दिसते. राजाची स्मृती परक्या घरांतील हजारो वस्तूंच्या आधारे टिकली. त्या घरांच्या स्वतःच्या आठवणी मात्र बहुधा मागेच राहिल्या. जाणकार अडकित्त्याची घडण ओळखेल. तो कोणाच्या चंचीत असे, हे त्यास सांगता येणार नाही. म्हणून वस्तू स्वीकारताना वापरणाऱ्याचे नाव, गाव व प्रसंग यांची नोंद मोजमापाइतकीच आवश्यक ठरते. गोधडीच्या बाबतीत तर विलंब परवडणारा नाही. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे बहुधा शिवणारीलाच ठाऊक असते.