रोजा नंतर ठेवता येतो, आधी पाणी द्या

रमजानच्या संध्याकाळी मशिदीजवळच्या गल्ल्यांत कापलेली फळे, भजी, कबाब आणि सरबताच्या गाड्या लागतात. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या रोजेदाराचा हात साहजिकच थंड सरबताकडे जातो. बर्फ कोणत्या पाण्याचा, फळे कापून किती तास झाले, हे कोणी विचारत नाही. मग मध्यरात्री पोटात कळ येते, उलट्या-जुलाब सुरू होतात आणि सहेरीला प्रश्न पडतो : रोजा ठेवायचा की नाही?

उत्तर पवित्र कुरआनात आहे. सूरह बकराच्या 184 व 185 या आयतींत आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची आणि तेवढे दिवस नंतर भरून काढण्याची सवलत दिली आहे. तरीही इतके रोजे झाले, आता एक कशाला सोडायचा, म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तर हमखास.

जुलाबात मुख्य धोका असतो शरीरातले पाणी व क्षार निघून जाण्याचा. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलरा पसरला. सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला लावला. नातेवाईकच ते पाजत. 30 टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागे पाणी आतड्यात शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र.

ओआरएसचे एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच मिसळावे आणि 24 तासांत संपवावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट द्यावे. भूक लागताच पेज, दहीभात, मऊ खिचडी, केळे द्यावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. कोल्ड्रिंक व गोड सरबताने जुलाब वाढतात. अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

शौचातून रक्त पडणे, लघवी बंद होणे, गुंगी येणे, पोटात पाणीही न टिकणे ही लक्षणे दिसली तर थेट दवाखाना गाठावा.

सुटलेला रोजा ईदनंतर कजा करता येतो. भरदिवसा पाणी पिणाऱ्या आजाऱ्याला कोणी टोकू नये. घरच्यांनीच त्याच्या हाती ग्लास द्यावा.