आखाड्यातून प्रयोगशाळेकडे, अमळनेरमार्गे

योगासनांनी आजार बरे होतात, असे आज सर्रास सांगितले जाते. हा दावा उपकरणे लावून तपासला पाहिजे, असा आग्रह शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने धरला. त्यांच्या आयुष्याला वळण देणारी वर्षे खानदेशात गेली. हे शिक्षक म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद.

३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे जन्मलेल्या गुणे यांचे बालपण हलाखीत गेले. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात दाखल झाले. तेथील जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांनी त्यांना भारतीय व्यायामपद्धतीचे धडे दिले. माणिकरावांचा लौकिक हाडवैद्यकातही होता. शरीर कमावणे आणि दुखावलेले शरीर सावरणे या दोन्ही विद्या आखाड्यात एकाच वस्तादाकडे असत.

१९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन धुळे पश्चिम खानदेशाचे, तर जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले होते. पूर्व खानदेशातील अमळनेर तेव्हा विद्येचे केंद्र म्हणून पुढे येत होते. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत सहभागी झालेले गुणे त्याच वर्षी तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मात्र महाविद्यालयातील राष्ट्रीय वृत्ती ब्रिटिश सरकारला खुपली आणि १९२० मध्ये ते बंद पाडण्यात आले.

त्याआधी, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती. योगाचे परिणाम त्यांनी स्वतः अनुभवले. पण स्वानुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे ते जाणून होते. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साह्याने त्यांनी उड्डियान बंध आणि नौली या क्रियांची तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे पुढे मोजमापातून दिसले. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे उत्तर त्यात होते. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून हे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला.

आखाड्यात घडलेल्या या शिक्षकाने व्यायाम आणि आसन यांतील फरक मात्र कटाक्षाने पाळला. जोर-बैठकांत स्नायूंना जोमाने राबवायचे असते. आसनात झटका न देता सावकाश ताण द्यायचा आणि सुखाने स्थिर राहायचे असते. डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या योगोपचारावरील पुस्तकात ही मांडणी आढळते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

योगोपचाराचे वर्ग आज गल्लोगल्ली भरतात. तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी ‘हे कशावरून?’ असे विचारणे म्हणजे योगावर अविश्वास दाखवणे नव्हे. अमळनेरच्या या प्राचार्यांनी योगाच्या अभ्यासाची सुरुवात याच प्रश्नापासून केली होती.