बेटांवरचे पाणी आणि हंगामी अंदाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रशांत महासागरातल्या कंकणाकृती प्रवाळबेटांवर नद्या नाहीत. पिण्याचे पाणी म्हणजे छपराच्या पन्हळीतून टाकीत उतरलेला पाऊस, नाहीतर वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर. मार्शल बेटांची राजधानी माजुरो येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पडणारा पाऊसही जलाशयांत वळवून नळांना सोडतात. पुढच्या तीन महिन्यांत पाऊस किती, याचा अंदाज तिथे थेट हंड्याशी निगडित आहे.

गैरसमज : एल निनो म्हणजे सगळीकडे दुष्काळ.

एल निनोत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातले विषुववृत्ताजवळचे पाणी तापते आणि पावसाचे ढग पश्चिमेकडून तिकडे सरकतात. किरिबाटी आणि तुवालूत पाऊस वाढतो. फिजी, पलाऊ, मार्शल बेटे मात्र कोरडी पडतात. ला निनात चित्र उलटते. २०११ साली तुवालूत टाक्या आटल्या आणि आणीबाणी जाहीर झाली, ती ला निनामुळे. समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बाहेरून आणावी लागली. भारतातही ‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ हे समीकरण नेहमी जुळत नाही : १९९७ चा एल निनो अतितीव्र होता, तरी त्या वर्षीचा मोसमी पाऊस सरासरीहून किंचित जास्तच झाला.

गैरसमज : पाऊस पडला, म्हणजे अंदाज चुकला.

‘पाऊस कमी पडण्याची शक्यता ६० टक्के’ याचा अर्थ, अशी परिस्थिती दहादा आली तर चारदा पाऊस पुरेसा किंवा जास्त पडेल. एका हंगामावरून अंदाजाची परीक्षा होत नाही. हंगामी अंदाजाची दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाशी गल्लतही करू नये : समुद्राची पातळी २१०० पर्यंत किती वाढेल, हे गणित पूर्ण वेगळे. त्यावरून यंदा पाणी किती जपून वापरायचे ते कळत नाही.

गैरसमज : आधी कळून उपयोग काय, पाऊस थोडाच पडणार आहे?

हवाईतल्या एका हवामान केंद्राने १९९७ मध्ये मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटांना दुष्काळाचा इशारा काही महिने आधी दिला. सरकारांनी दुष्काळ समित्या नेमल्या, पाण्याच्या बचतीची मोहीम हाती घेतली. दुष्काळ टळला नाही. १९९८ मध्ये माजुरोत नळाला चौदा दिवसांतून फक्त सात तास पाणी येत होते. पण दुष्काळ अचानक कोसळला नाही. इशाऱ्याची मर्यादाही इथेच दिसते : साठवण वाढवायची तर जलाशय बांधावे लागतात, आणि ते एका हंगामाचे काम नव्हे. २०१६ मध्ये मार्शल बेटांवर दुष्काळामुळे पुन्हा आणीबाणी जाहीर करावी लागली.