वायफायचा वेग जातो कुठे?

राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग घरात का मिळत नाही? कंपनीने फसवले, असे चटकन म्हणू नये. आपण २००३ सालच्या मानकाचे उदाहरण घेऊ. जुने खरे, पण हिशेब सोपा. कमाल वेग सेकंदाला ५४ मेगाबिट. १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे पॅकेट त्या वेगाने सुमारे २२२ मायक्रोसेकंदांत जाते. परंतु हवा सर्वांची एकच, एका वेळी एकानेच बोलायचे. म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, थांबते, मग पॅकेट पाठवते आणि पोच येण्याची वाट पाहते. यात आणखी दीडशेहून अधिक मायक्रोसेकंद जातात. शेवटी ५४ पैकी जेमतेम पंचवीस हाती लागतात.

खरी गंमत पुढेच आहे. भिंतीआडच्या संगणकाकडे संदेश क्षीण पोहोचतो, म्हणून त्याला ६ मेगाबिटांवर उतरावे लागते. त्याचे तेवढेच पॅकेट २,००० मायक्रोसेकंद हवा अडवते. पाळी सर्वांना सारखी, वेळ मात्र सारखा नाही! राउटरला खेटून बसलेला विद्यार्थीही मग रखडतो, आणि आपण शाळेसाठी महागडा प्लॅन घ्यायला निघतो. त्याआधी संगणक केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवर तो पुरेसा मिळाला, तर राउटर कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्यावर, उंच जागी ठेवून पाहावा.