फळीवरचं जुनं : काय ठेवावं, काय टाकावं

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला घेतलं की स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून वाद ठरलेला. लेक किंवा सून स्टुलावर चढून एकेक डबा खाली देते, तारखा मोठ्यानं वाचते. खालून आई किंवा सासूबाई म्हणतात, "ते राहू दे गं, काही होत नाही त्याला." एकीच्या मते तारीख उलटली की ते विषच. दुसरीच्या मते या तारखा कंपन्यांनी माल खपवायला काढल्या. दोघींचं थोडं बरोबर आहे आणि बरंचसं चूक. त्यातली एक चूक पैशांपुरती असते, दुसरी जिवावर बेतू शकते, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी मोठ्यांची बाजू. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या माणसांनी १९७२चा दुष्काळ पाहिला आहे. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे, दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीची चव त्यांना अजून आठवते. त्याच्याही आधी, १९६५ साली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं होतं, आणि कितीतरी घरांनी ते पाळलं. खाऊन माजावं पण टाकून माजू नये, हे या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या हातून डबा सुटत नाही तो हट्टापायी नाही. तेव्हा त्यांच्या माघारी कचऱ्याची पिशवी भरून टाकणं मला पटत नाही. समोर बसून, एकेक डबा उघडून बोलावं.

"तारीख गेली, आता ते विष"

पाकिटावर दोन वेगळ्या अर्थांच्या तारखा असू शकतात. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, ताजेपणाची तारीख. तोवर पदार्थ उत्तम लागेल, एवढंच ती सांगते. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' ही त्यापलीकडची; ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनी ही दुसरी तारीख छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवली. म्हणून नव्या पाकिटावर 'यूज बाय' दिसली तर ती पाळायची. पण फळीवरच्या जुन्या मालावर बऱ्याचदा नुसती 'बेस्ट बिफोर' असते, आणि ती उलटली म्हणून साखर विषारी होत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडे पाकीट घरी आलं की कात्रीनं कोपरा कापायचा आणि माल स्टीलच्या डब्यात ओतायचा. मागच्या बाजूला 'उत्पादनापासून ९ महिने' असं लिहिलेलं असतं, पण उत्पादनाची तारीख वरच्या शिवणीवर पुसट उठवलेली असते; कात्रीच्या पहिल्याच घावात ती केराच्या टोपलीत जाते. डब्यावर तारीख नाही. त्यात आधीचा मूठभर रवा तळाशी असताना वरून नवा ओतला जातो. आपण वरचं वापरत राहतो आणि तळचा तसाच राहतो. एक दिवस डाव खाली घातला की रव्याच्या गाठी वर येतात. त्या ओल्याच्या नसतात, अळीनं विणलेल्या जाळीच्या असतात. बोटांना कोळिष्टकासारखे तंतू लागतात.

शिवाय छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. सील फोडल्यावर ती हमी संपते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

मग बघायचं काय?

पदार्थात पाणी किती आणि तेल किती, हे बघायचं. पाणी कमी असेल तर जंतू आणि बुरशी वाढू शकत नाहीत. मीठ, साखर, मध, कडकडीत वाळलेले पापड, कुरडया, सांडगे टिकतात ते यामुळे. मीठ-साखरेला तर वयच नाही. आयोडीनयुक्त मिठातलं आयोडीन दमटपणानं हळूहळू उडतं, एवढंच. मध घट्ट होऊन खाली रवाळ बसला तर तो बिघडला किंवा भेसळीचा आहे असं मुळीच नाही. (मध जुना असो वा नवा, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये, त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात.)

तेलाचं गणित वेगळं. ज्यात तेल आहे ते हवा, उजेड आणि उष्णता लागून खवट होतं, मग ते कितीही कोरडं असो. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, जवस आणि कारळ्याच्या चटण्या, फरसाण, अक्रोड या यादीत येतात. बाजरीचं पीठ तर यात पहिलं. दाणा अख्खा असतो तोवर बाजरी बरी राहते; दळली की तिच्यातलं तेल आणि ते तेल फोडणारं एन्झाइम एकत्र येतात आणि काही दिवसांत पीठ कडू होतं. म्हणून आपल्याकडे बाजरी थोडी थोडी दळून आणायची रीत आहे. खवट पदार्थानं लगेच हगवण लागत नाही, पण त्यातलं पोषण घटलेलं असतं आणि तो खात राहणं शरीराला चांगलं नाही.

"जुनं तेच चांगलं"

यात मोठ्यांचं बरंच बरोबर आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करावं. जुना तांदूळ खरंच चांगला. नव्या तांदळाचा भात चिकट, गिच्च होतो. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. आयुर्वेदातही वर्षभराचं जुनं धान्य पचायला हलकं मानलं आहे. नीट कढवलेल्या तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ते टिकतं. मीठ आणि आंबटपणा पुरेसा असलेलं, कोरड्या चमच्यानं काढलेलं लिंबाचं लोणचं वर्षानुवर्षं मुरतं. आमसुलं, चिंच, हिंगाचा खडा यांचंही तेच. जुनी तूरडाळ, वाल, चवळी यांनी अपाय होत नाही. दमट, उबदार जागी राहिलेलं कडधान्य मात्र कितीही भिजवलं तरी शिजायला दाद देत नाही, गॅस तेवढा जळतो.

गोंधळ होतो तो हा नियम सगळ्याला लावला की. जुना तांदूळ चांगला म्हणून जुनी तांदळाची पिठी चांगली, असं होत नाही. हातसडीच्या तांदळावर कोंडा असतो, कोंड्यात तेल असतं, तो पांढऱ्या तांदळाइतका टिकत नाही. आणि आयुर्वेदातलं जुनं तूप हे औषध आहे, वैद्याच्या सल्ल्यानं वापरायचं. पोळीवर वाढायचं नव्हे.

"वास घेऊन बघितला, चांगलं आहे"

माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा गैरसमज हाच. नाक खवटपणा ओळखतं, आंबलेलं ओळखतं. पण आजारी पाडणाऱ्या कितीतरी जंतूंना आणि त्यांच्या विषांना वास नसतो, चव नसते. आणि वय वाढतं तशी घ्राणशक्ती कमी होते, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. आजी नेहमीइतक्याच काळजीनं वास घेते; नाक मात्र पूर्वीसारखं सांगत नाही. त्यात मोतीबिंदू असेल तर पिठातली सोंडी आणि दाण्यावरची हिरवट छटाही सुटते.

दुसऱ्या बाजूला, वयानुसार प्रतिकारशक्ती घटते. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि हे आम्ल म्हणजे जंतूंना अडवणारी आपली पहिली भिंत. "आम्ही जन्मभर हेच खाल्लं, काही झालं नाही" हे खरं असतं. तेव्हा ते शरीर तिशीतलं होतं. आता त्याच डब्यातलं खाणारं शरीर पंचाहत्तरीचं आहे, मधुमेहाचं आहे, रोज चार गोळ्या घेणारं आहे. आईला हे समजावताना "तुला कळत नाही" असं म्हणू नये. "तुझ्या गोळ्यांमुळे आता जपायला हवं" असं म्हणावं. ते खरंही आहे आणि तिला लागतही नाही.

"वरचं काढून टाकलं की झालं"

बुरशी वर दिसते ती तिची फुलं-फळं समजा. तिचे तंतू आत उतरलेले असतात. ब्रेड, भाकरी, जॅम, मऊ मिठाई यांवर ठिपका दिसला तर सगळंच टाकायचं. लोणच्यात वर तेलाचा थर असतो तोवर हवा लागत नाही आणि बुरशी धरत नाही. तेल खाली गेलं, ओला चमचा पडला, की पांढरा पापुद्रा येतो. तो काढून बरणी परत फळीवर ठेवतात. पण ही बुरशी लोणच्यातलं आम्ल खाते, आणि ज्या आंबटपणामुळे दुसरे जंतू दूर राहत होते तोच कमी होत जातो. अशी बरणी जड मनानं का होईना, टाकावी.

दाण्यांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, मिरची ओलसर राहिली की त्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते यकृतावर घाव घालतं, आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कॅन्सर करतं. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसानं भिजलेला, बुरशी लागलेला मका लोकांनी खाल्ला. घरात दुसरं नव्हतंच. कावीळ होऊन शंभरावर माणसं दगावली. हे विष भाजून किंवा शिजवून जात नाही, फार तर थोडं कमी होतं. म्हणून कूट करण्याआधी दाणे ताटात पसरून निवडावेत. सुरकुतलेले, काळपट, हिरवट काढून टाकावेत. तोंडात कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकावा. आपल्या आज्या दाणे निवडत असत ते उगीच नव्हे. आता त्यांचे डोळे साथ देत नसतील तर ते काम आपण करावं.

"उकळलं की सगळं मरतं"

जंतू मरतात, त्यांनी आधीच तयार केलेली काही विषं राहतात. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो, त्याचं उलटी करवणारं विष कुकरच्या उष्णतेलाही पुरून उरतं. म्हणून रात्रीचा ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन सुरक्षित होत नाही. तो जेवणं झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये जायला हवा. फ्रिजनंही जंतू मरत नाहीत, मंदावतात. लिस्टेरिया तर तिथल्या थंडीतही वाढतो.

फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला टिनचा डबा न उघडता टाकावा, मग तो आमरसाचा असो की रसगुल्ल्यांचा. चव घेऊन बघू, असंही नको. बोटुलिझमचं विष चिमूटभरही पुरतं.

ओघात आणखी एक. तांदळाला बोरिक पावडर लावून ठेवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. बोरिक ॲसिड विषारी आहे, धुण्यात ते सगळं निघेल याचा भरवसा नाही. एरंडेल चोळणं, कडक ऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला हे जुनेच उपाय बरे. धान्यात ठेवायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. दमट हवेत त्यांतून सुटणाऱ्या वायूनं शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही मरतात.

"टाकायचं कशाला, गाईला घालू"

इथे येऊन बहुतेक वाद मिटतात, कारण अन्न वाया गेलं नाही असं वाटून आईलाही बरं वाटतं. पण बुरशी लागलेलं गाईला घालणं हे पुण्य नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, त्याचं कारण शोधता शोधताच ॲफ्लाटॉक्सिनचा पत्ता लागला. त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. गाईच्या पोटात गेलेलं हे विष रूप बदलून दुधात उतरतं, आणि आपल्या कायद्यात दुधासाठी त्याची मर्यादा ठरवलेली आहे. कबुतरांना, भटक्या कुत्र्यांना घालणंही तसंच. आणि आपण खाणार नाही ते घरकामाच्या मावशींच्या हातात देणं तर मला फार लाजिरवाणं वाटतं. त्यांच्या घरीही म्हातारी माणसं आणि लेकरं आहेत.

द्यायचंच असेल तर चांगलं असताना द्यावं. दिवाळीत आलेले सुक्या मेव्याचे खोके, नको असलेली बिस्किटं त्याच आठवड्यात वाटून टाकावीत. उरलेल्या डब्यांवर कागदी चिकटपट्टी लावून ठळक पेनानं महिना आणि वर्ष लिहावं, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं. नवं ओतण्याआधी डबा रिकामा करून, धुऊन, उन्हात वाळवावा. दोन माणसांच्या घरात पाच किलोचा पुडा स्वस्त पडला तरी आणू नये.

बिघडलेलं पीठ, दाणे, धान्य घरच्या ओल्या कचऱ्याच्या खतात चालतं. ते कोरडं भुरभुरवू नये. आधी पाणी शिंपडावं, म्हणजे बुरशीची धूळ नाकात जात नाही. खवट तेल मात्र खतातही नको आणि मोरीतही नको. ते बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून सुक्या कचऱ्यासोबत वेगळं द्यावं.